बाहेरून आलेली चांदी ‘दुबईची’ कशी होते? भारत-यूएई करारातला कळीचा मुद्दा

संयुक्त अरब अमिराती म्हणजे यूएई तेलासाठी ओळखला जातो, चांदीच्या खाणींसाठी नाही. दुबईच्या बाजारात दिसणारं सोनं-चांदी बहुतेक दुसऱ्या देशांतून आलेलं असतं. तरीही २०२३-२४ मध्ये यूएईमधून भारतात येणाऱ्या सोन्या-चांदीची आयात २१० टक्क्यांनी वाढून १,०७० कोटी डॉलरवर गेली, असं ग्लोबल ट्रेड रिसर्च इनिशिएटिव्ह या दिल्लीतल्या संस्थेने म्हटलं.

अचानक एवढी वाढ का झाली? उत्तर दोन देशांमधल्या मुक्त व्यापार करारात आहे. असे करार झाले की बातमी होते ती शुल्क किती कमी झालं याची. पण करार टिकणार की फसणार हे ठरतं दुसऱ्याच एका कलमावर. तेच समजून घेऊया.

करार नेमका काय आहे?

भारत आणि यूएई यांच्यात १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सेपा’ म्हणतात. १ मे २०२२ पासून तो लागू झाला. अशा करारांच्या वाटाघाटी अनेकदा वर्षानुवर्षं चालतात, पण हा करार अवघ्या ८८ दिवसांत ठरला.

भारताला त्याचा फायदा झाला. भारतीय दागिन्यांवर यूएईत ५ टक्के शुल्क होतं, ते गेलं. मुंबईतल्या सीप्झमधून दागिने निर्यात करणाऱ्या कारखान्यांसाठी ही मोठी गोष्ट होती. २०२१-२२ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार सुमारे ७,३०० कोटी डॉलर होता. २०२४-२५ मध्ये त्याने १०,००० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला.

बदल्यात भारतानेही सवलती दिल्या. सोन्यावर ठरावीक कोट्यापुरतं शुल्क एका टक्क्याने कमी केलं. हा कोटा पहिल्या वर्षी १२० टन होता आणि तो टप्प्याटप्प्याने २०० टनांपर्यंत वाढवायचं ठरलं. चांदीवरचं शुल्क मात्र १० वर्षांत थेट शून्यावर आणायचं कबूल केलं.

मग गडबड कुठे झाली?

२०२४ च्या मध्यापर्यंत इतर देशांतून येणाऱ्या चांदीवर १५ टक्के शुल्क होतं, तर करारानुसार यूएईच्या चांदीवर ८ टक्के. म्हणजे १०० कोटींच्या चांदीवर तब्बल ७ कोटींचा फरक.

आता व्यापाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तीच चांदी दुसऱ्या देशातून थेट आणण्यापेक्षा दुबईमार्गे आणलेली परवडणार. फक्त ती ‘दुबईची’ आहे हे कागदावर सिद्ध व्हायला हवं.

इथेच ते कळीचं कलम येतं. त्याला ‘रूल्स ऑफ ओरिजिन’ म्हणतात, म्हणजे माल मूळचा कोणत्या देशाचा हे ठरवणारे नियम. माल त्या देशात नुसता उतरून पुढे गेला तर सवलत मिळत नाही. तिथे त्याच्यावर पुरेशी प्रक्रिया व्हावी लागते, त्याची किंमत वाढावी लागते. पण मोठी वीट वितळवून छोट्या विटा किंवा दाणे केले, तर चांदीच्या किमतीत अशी किती भर पडणार? ही चांदी नियमात बसते का, असा प्रश्न ग्लोबल ट्रेड रिसर्च इनिशिएटिव्हने उपस्थित केला तो याच कारणाने.

प्लॅटिनमच्या बाबतीत तर आणखी पुढची युक्ती निघाली. सोन्यात थोडं प्लॅटिनम मिसळायचं आणि त्याला ‘प्लॅटिनमचा मिश्रधातू’ म्हणून कमी शुल्कात आणायचं. माल बहुतांश सोनं, कागदावर मात्र प्लॅटिनम!

हे पहिल्यांदाच घडतंय का?

अजिबात नाही. भारत-श्रीलंका करार मार्च २००० मध्ये लागू झाला. भारतात पामतेलावर शुल्क जास्त होतं, श्रीलंकेत कमी. मग काही भारतीय कंपन्यांनीच श्रीलंकेत वनस्पती तुपाचे कारखाने टाकले, बाहेरून पामतेल आणलं आणि तयार तूप बिनशुल्क भारतात पाठवलं. आपल्याकडचे उत्पादक ओरडू लागल्यावर भारताने वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा घातली.

२०१७ मध्ये दक्षिण कोरियातून सोन्याचा ओघ सुरू झाला, तेव्हाही ऑगस्टमध्ये सरकारला निर्बंध आणावे लागले.

सरकारने काय केलं?

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्या-चांदीवरचं शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं. त्यामुळे चांदी दुबईमार्गे आणण्यातला फायदा तेव्हा संपला. २०२५ मध्ये ९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध प्लॅटिनमचं वेगळं वर्गीकरण झालं आणि त्यापेक्षा कमी शुद्धतेच्या मिश्रधातूंच्या आयातीवर निर्बंध आले. माल मूळचा कुठला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची, हा नियम तर सप्टेंबर २०२० पासूनच आहे.

पण चांदीचा प्रश्न सुटला असं म्हणता येत नाही. करारातलं शुल्क दरवर्षी खाली येत शून्यावर जाणार आहे. सर्वसाधारण शुल्क त्याच्या वर राहिलं की फरक पुन्हा तयार होणार. सरकारने सोन्या-चांदीवरचं शुल्क वाढवलं, तर तो फरक आणखी मोठा होणार.

याचा आपल्याशी काय संबंध?

पहिली गोष्ट म्हणजे बुडणारं शुल्क सरकारी तिजोरीतलं असतं. दुसरी, वाचलेला पैसा ग्राहकापर्यंत पोचेलच याची खात्री नसते. झवेरी बाजारातला भाव आंतरराष्ट्रीय दर आणि सर्वसाधारण शुल्क धरून ठरत असेल, तर मधला फरक आयातदाराच्याच खिशात राहतो. तिसरी, नियमाने पूर्ण शुल्क भरून माल आणणारा व्यापारी स्पर्धेत मागे पडतो.

याचा अर्थ यूएईमधून येणारा सगळा माल संशयास्पद आहे असं नाही. करारही वाईट नाही, निर्यातीचे आकडे समोर आहेत. पण भारत आता एकामागून एक देशांशी असे करार करतोय. पुढच्या वेळी ‘इतक्या वस्तूंवर शून्य शुल्क’ अशी बातमी वाचाल, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारा: त्या वस्तू खरंच त्या देशात बनतात का, आणि ते तपासणार कोण?