जमिनीची किंमत आणि बागेचे मोल

महानगरातील मोकळ्या जमिनीवर पहिला हक्क कोणाचा? कागदोपत्री मालक असलेल्या पालिकेचा, की उकिरडा उपसून तेथे हिरवळ आणणाऱ्या रहिवाशांचा? हा प्रश्न न्यूयॉर्क शहरात गेले अर्धशतक वारंवार उभा राहिला आहे. तेथील सामुदायिक बागांचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचाच इतिहास होय.

१९७० नंतरच्या दशकात हे शहर आर्थिक संकटात सापडले आणि १९७५ मध्ये तर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले. गरीब वस्त्यांतील घरमालकांनी कर थकवून इमारती वाऱ्यावर सोडल्या. त्यांपैकी कित्येक जळाल्या, कित्येक पाडल्या गेल्या आणि राडारोड्याने भरलेले भूखंड शहराच्या गळ्यात पडले. १९७३ मध्ये लिझ ख्रिस्टी या चित्रकर्तीने आपल्या सहकाऱ्यांसह बोवरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील असाच एक भूखंड साफ करून तेथे बाग फुलविली. पुढल्याच वर्षी शहराने तो दरमहा एक डॉलर भाड्याने दिला. १९७८ मध्ये 'ग्रीन थंब' ही सरकारी योजना सुरू झाली आणि अशा बागांना अधिकृत आधार मिळाला.

या बागांत प्वेर्टो रिकोहून आलेली कुटुंबे आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडून आलेले कृष्णवर्णीय शेजारी शेजारी वाफे करू लागले. कोणी मिरच्या व कोथिंबीर लावी, तर कोणी दक्षिणेतील पालेभाज्या. भाषा, वर्ण आणि देश वेगळे असलेली ही माणसे केवळ सदिच्छेने जवळ आली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पाण्याची पाळी, फाटकाची किल्ली, खताचा खड्डा आणि साफसफाईचे वार ठरविताना त्यांना एकमेकांशी बोलावेच लागले. सलोखा हा तेथे उपदेशाचा नव्हे, व्यवहाराचा परिणाम होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. सामाईक मालमत्तेचा शेवट नाशातच होतो, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला होता. उलट, वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले आणि ते पाळले जातात की नाही यावर लक्ष ठेवले, तर सामाईक संपत्ती टिकू शकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पाटबंधारे, कुरणे आणि मासेमारी यांच्या अभ्यासातून दाखवून दिले. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु बाजाराचा तर्क निराळा असतो. १९९९ मध्ये महापौर ज्युलियानी यांच्या प्रशासनाने ११४ बागा लिलावात काढल्या. शहराला घरांची गरज आहे, ही त्यांची बाजू निराधार नव्हती. मात्र जमीन सर्वाधिक बोली लावणाऱ्याच्या हाती गेली, तर तेथे गरिबांचीच घरे उभी राहतील याची हमी कोण देणार होते? अखेर दोन बिगरसरकारी संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून या बागा वाचविल्या. सर्वच बागांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. फेब्रुवारी २००० मध्ये 'एस्पेरान्झा', म्हणजे 'आशा', या नावाची बाग बुलडोझरखाली गेली. न्यायालयाचा मनाई हुकूम त्याच दिवशी निघाला, पण तोवर उशीर झाला होता. २००२ च्या तडजोडीने शेकडो बागांना संरक्षण मिळाले, तर काही भूखंड घरबांधणीसाठी गेले.

यातील खरा विरोधाभास पुढेच आहे. बागेमुळे आसपासच्या घरांच्या किमती वाढतात, आणि ही वाढ गरीब वस्त्यांत अधिक असते, असे न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. म्हणजे ज्यांच्या श्रमाने जमिनीचे मोल वाढले, त्या भाडेकरूंनाच वाढत्या भाड्यापायी वस्ती सोडण्याची वेळ यावी! तेव्हा बाग वाचविणे पुरेसे नाही. बाग करणाऱ्यांचे छप्परही वाचले पाहिजे. श्रमातून निर्माण झालेल्या मूल्यात श्रम करणाऱ्यांचा वाटा मान्य करणारे धोरण नसेल, तर शेजाऱ्यांनी फुलविलेल्या बागा उरतील, पण शेजारी उरणार नाहीत.