वजा करा, पण आधी लिहून ठेवा

महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेताना मी विद्यार्थ्यांना हटकून सांगायचे: गायगर काउंटरचं बॅकग्राउंड, म्हणजे नमुना समोर नसतानाही येणारे ठोके, आधी मोजा, वहीत लिहा, मगच वजा करा. ते आकडेही निसर्गाचंच मोजमाप असतात. सैबेरियातल्या बैकल सरोवरात आज नेमकं हेच पणाला लागलं आहे.

बैकल हे जगातलं सर्वांत खोल सरोवर. कमाल खोली १६४२ मीटर. हिवाळ्यात त्याच्या गोठलेल्या पाठीवर उभं राहून, बर्फाला भोकं पाडून शास्त्रज्ञ काचेचे गोळे दोरांना बांधून खोल पाण्यात सोडतात. प्रत्येकात प्रकाशाचा एकटा कणही टिपू शकणारा फोटोमल्टिप्लायर. अवकाशातून आलेला एखादा न्यूट्रिनो नावाचा सूक्ष्म कण क्वचित कुठे अणुकेंद्राला धडकतो आणि त्यातून निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश निघतो, तो पकडायचा. भौतिकशास्त्रज्ञ मॉइसेई मार्कोव्ह यांनी १९६० मध्ये सुचवलेल्या या मार्गावरची ‘बैकल-जीव्हीडी’ दुर्बीण मार्च २०२१ मध्ये रीतसर सुरू झाली.

या गोळ्यांना आणखी एक उजेड दिसतो. बैकलचं पाणी स्वतःच अतिशय मंद प्रकाशतं. समुद्रात असा उजेड क्षारांतल्या किरणोत्सारी पोटॅशियममुळे आणि चमकणाऱ्या जीवांमुळे येतो. बैकलच्या गोड्या पाण्यात तो बहुधा सेंद्रिय द्रव्यांच्या रासायनिक बदलांतून येतो. खोलीनुसार, ऋतूनुसार तो कमीजास्त होतो आणि त्याचे उजळ थर वरून खाली सरकतानाही नोंदले गेले आहेत. न्यूट्रिनो शोधणाऱ्याला हा अडथळा; सरोवर अभ्यासणाऱ्याला मात्र खोल पाण्याच्या हालचालींचा माग.

असा माग समुद्रात आधी लागलाही आहे. फ्रान्सच्या तूलाँजवळ, भूमध्य समुद्रात सुमारे अडीच किलोमीटर खोल, २०२२ पर्यंत चाललेल्या ‘अँटारेस’ दुर्बिणीने २००९ आणि २०१० मध्ये सजीवांच्या प्रकाशाची मोठी उसळी टिपली. हिवाळ्यात थंड, जड झालेलं वरचं पाणी खोल बुडण्याशी तिचा संबंध जोडता आला. समुद्रशास्त्राला ही जोड न्यूट्रिनोच्या दुर्बिणीने दिली.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. अशा प्रत्येक दुर्बिणीच्या आराखड्यात जलशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून असावेत. उजेडाची नोंद अखंड जपावी आणि जगभरच्या अभ्यासकांना खुली करावी. यात खर्च आहे, पण महागडी उपकरणं पाण्यात आधीच उतरलेली आहेत. बोटीतून नमुने घेणाऱ्याला काही दिवसच मिळतात. हे गोळे बर्फाखालीही रात्रंदिवस पाहत असतात. बैकलचं वरचं पाणी तापत चाललं आहे. आजची नोंद आज ठेवली नाही, तर पुढच्या पिढीला ती कितीही पैसे मोजून मिळणार नाही.