पक्ष, धोरण आणि बौद्धांच्या सवलती

लोकशाहीत धोरण आकाशातून पडत नाही. समाजाचे दुःख आधी एखाद्या पक्षाच्या कार्यक्रमात यावे लागते, तेथून जाहीरनाम्यात, पुढे विधिमंडळात आणि अखेर कायद्यात. ही साखळी तुटली की न्याय्य मागणीदेखील अर्जांच्या गठ्ठ्यात पडून राहते. बौद्धांच्या सवलतींचा इतिहास याची साक्ष देतो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे हक्क मुख्यतः हिंदूंपुरते मर्यादित केले. १९५६ मध्ये ते शीख बांधवांनाही मिळाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि नवदीक्षितांना केंद्राच्या सवलती नाकारण्यात आल्या. त्यांचे घर गावकुसाबाहेरच राहिले, भूमिहीन भूमिहीनच राहिला. शिष्यवृत्ती आणि राखीव जागा तेवढ्या गेल्या.

१९५७ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते. समितीच्या यशाने सत्ताधाऱ्यांना बौद्ध मतांचे मोल कळले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने बौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या.

केंद्राचे दार मात्र बंदच राहिले. १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांच्या प्रश्नासह ही मागणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे ठेवली. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुषांनी कारावास पत्करला. परंतु पक्षाची शकले होत गेली आणि मागणीमागचे बळ क्षीण झाले. अखेर १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत स्थान दिले. राज्यात जे ४ वर्षांत झाले, त्यास केंद्रात ३४ वर्षे लागली. या काळात किती होतकरू मुलांचे शिक्षण अर्ध्यावर राहिले असेल, याचा हिशेब कोण देणार?

मागणी तीच होती, न्याय तोच होता; संघटित मतांची शक्ती तेवढी कमीअधिक होती. म्हणून मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकाला विचारा : आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीविषयी, जमिनीविषयी, नोकरीविषयी तुमच्या जाहीरनाम्यात काय लिहिले आहे? मागील जाहीरनाम्यातील किती वचने पाळली? आपल्याच माणसाच्या पक्षालाही हाच प्रश्न करा. राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी १९४९ मध्ये घटना समितीत दिला होता. पक्ष हे साधन आहे. त्याची पूजा करू नये आणि ते मोडूही देऊ नये.