आधी कान तपासा, मग डोकं!

गेल्या दिवाळीपासून माझ्या कानात रातकिडे ओरडतात. दोन्ही कानांत, सारखेच. दिवसा शिरूरच्या बाजारपेठेतल्या गोंगाटात जाणवत नाहीत, पण रात्री दिवा मालवला की यांची शाळा भरते! पहिले दोन दिवस मी खिडकीबाहेर बॅटरी मारून किडा शोधला. सौ. म्हणाली, "मला तर काहीच ऐकू येत नाही." तेव्हा कळलं की किडा बाहेर नाहीच.

सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत 'कर्णनाद' आहे. म्हणजे दुखणं जुनंच आहे. नवं आहे ते पुढचं.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बीपी घेतला, चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठी लिहिली - मेंदूचा एमआरआय. "एकदा काढून टाका गुरुजी, मनातली शंका जाईल." आता खरं सांगतो, शंका माझ्या मनात नव्हतीच. ती त्या चिठ्ठीनेच घातली! मुलाचा पुण्याहून फोन, "पैशांचा विचार करू नका, काढून टाका." शेजारचेही म्हणाले, काढून टाका. जणू एमआरआय म्हणजे किडका दात!

माझं भांडण आहे ते या 'काढून टाका'शी. कमिशनबिमिशनचा विषय मी काढत नाही, पुरावा नसताना कुणाला बोल लावणं शिक्षकाला शोभत नाही. पण एक साधा प्रश्न आहे. कान वाजतोय, तर आधी कान का तपासला नाही? आत मळ आहे का, हेसुद्धा कुणी पाहिलं नाही.

शेवटी मीच एसटीने पुण्याला जाऊन कानाची तपासणी (ऑडिओमेट्री) करून घेतली. एका बंद खोलीत बसवतात, बारीक-मोठे सूर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दोन्ही कानांचे आलेख एकमेकांची नक्कल केल्यासारखे निघाले, वरच्या पट्टीत दोन्ही सारखेच खाली उतरलेले. तिथल्या बाईंनी छान समजावलं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते, तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण १५ हजार. वयाने आणि गोंगाटाने त्या मरतात, पुन्हा उगवत नाहीत. मेंदूला तिकडून आवाज कमी पोचू लागला की ती उणीव तो स्वतःच आवाज तयार करून भरतो. बहुतेकांचे रातकिडे हेच. आणि या पेशी एमआरआयमध्ये दिसत नाहीत!

हे केवळ माझं मत नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली आणि ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२० साली हेच सांगितलं आहे की दोन्ही कानांत सारखा आवाज असेल, तो नाडीबरोबर ठोके देत नसेल आणि दुसरं काही लक्षण नसेल, तर स्कॅन करू नये. उलट आमच्या वयात स्कॅनमध्ये काही ना काही निघतंच. ओळखीतल्या एकांच्या रिपोर्टात 'वयोमानानुसार बदल' असं आलं, त्या दोन शब्दांनी त्यांची महिनाभराची झोप गेली.

इथे लेख संपवला असता तर मी भलताच शहाणा ठरलो असतो. पण मग दौंडचे दाजी आठवले.

दाजी रेल्वेत होते. आधी कोळशाच्या इंजिनावर फायरमन, मग डिझेलवर ड्रायव्हर. डाव्या कानात वर्षभर शिट्टी वाजत होती. आक्का म्हणायची, "अरे, इंजिनावर आयुष्य गेलं त्यांचं. डाव्या खिडकीत बसायचे, वारा न् भोंगा सगळा त्याच कानाला. आता वय झालं, व्हायचंच." पटण्यासारखंच होतं. पण गेल्या खेपेला पाहिलं, तर दाजी मोबाइल उजव्या कानाला लावत होते. पूर्वी डाव्याला लावायचे.

कानाची तपासणी करायला लावली. उजवा बरा, डावा पार खाली. तज्ज्ञ म्हणाले, यांना मात्र एमआरआय हवा. ऐकण्याच्या नसेजवळ क्वचित गाठ होते. कर्करोगाची नसते, बहुधा सावकाश वाढते, पण वेळेत कळलेली बरी. स्कॅन झाला. गाठ नाही. भाचा म्हणाला, "मामा, पैसे फुकट गेले." नाही रे बाबा! प्रश्न बरोबर होता, उत्तर 'नाही' आलं, एवढंच. माझ्या बाबतीत प्रश्नच नव्हता.

म्हणून मला 'काढून टाका' आणि 'वय झालं', ही दोन्ही वाक्यं सारखीच आळशी वाटतात. दोन्ही बोलणारा कानाकडे बघत नाही.

तर जुन्या सवयीने फळ्यावर लिहून देतो. आवाज एकाच कानात आहे? एका कानाने कमी ऐकू येतं? आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो? चक्कर, तोंड वाकडं होणं, हातापायात बधिरपणा आहे? यातलं एक जरी 'हो' असेल तर टाळाटाळ नको, स्कॅनबद्दल स्वतःहून विचारा. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा.

स्कॅन ठरलाच तर पेसमेकर, अंगातली धातूची क्लिप, मूत्रपिंडाचा त्रास, सगळं आधी सांगा. यंत्राची ठोकठोक शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकते, तेव्हा कानात बोळे आणि वरून हेडफोन मागून घ्या. दाजींना मागितल्यावरच मिळाले!

कुणी म्हणेल, मास्तरांनी डॉक्टरांना शिकवू नये. मी शिकवत नाही हो, विचारतो आहे. पस्तीस वर्षं वर्गात मुलांना हेच सांगितलं की न समजता मान हलवू नका. स्वतः म्हातारपणी मान हलवायची?

असो. रातकिडे अजून आहेत. उशाशी रेडिओ बारीक लावून ठेवतो. ते त्यांचं गातात, मी माझा झोपतो.