विलाप नव्हे, गाऱ्हाणे

मंडळी, आजचा धागा प्राचीन हिब्रू धर्मकाव्यातील एका जुन्या प्रश्नाविषयी आहे : नीतीने चालणाऱ्या माणसाच्याच वाट्याला दुःख का यावे?

या प्रश्नाचा सर्वांत प्रसिद्ध नायक ईयोब. त्याची ओळख करून देताना ‘ज्यूंचा हरिश्चंद्र’ म्हणण्याचा मोह होतो, आणि तो स्वाभाविकही आहे. दोघेही सत्त्वशील. दोघांचीही परीक्षा वरच्या सभेत ठरते, दोघांचेही वैभव हिरावले जाते आणि अखेरीस परत मिळते. परंतु ही तुलना ग्रंथाच्या टरफलापुरतीच खरी आहे, गराला ती लागू पडत नाही, असे माझे मत आहे.

ग्रंथाची घडण पाहावी. ४२ अध्यायांपैकी पहिले दोन आणि शेवटच्या अध्यायाचा बराचसा भाग गद्य आहे. मधले जवळजवळ सारे काव्य. गद्यातला ईयोब हरिश्चंद्रासारखाच निमूट सोसतो. तिसऱ्या अध्यायात काव्य सुरू होते आणि तो आपल्या जन्माच्या दिवसालाच शाप देतो. त्यानंतर तो गप्प बसत नाही. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र त्याला वारंवार समजावतात : देव न्यायी आहे, म्हणजे तुझ्याच हातून काही पाप घडले असले पाहिजे. ईयोब ते नाकारतो. त्याची भाषा भक्ताची कमी आणि वादीची अधिक आहे. त्याला सुनावणी हवी आहे, आरोपपत्र लेखी हवे आहे. शेवटी वावटळीतून देव बोलतो, पण कारण मात्र सांगत नाही. उलट सृष्टीविषयी प्रश्नांमागून प्रश्न विचारतो. ते ऐकून ईयोब नमतो. तरीही मग देव कोपतो तो मित्रांवर. देवाची बाजू घेणारे चुकीचे बोलले आणि ईयोब योग्य बोलला, असा निवाडा होतो. हरिश्चंद्राच्या कथेत मौन हे सत्त्व आहे; येथे बोलणे हे सत्त्व ठरते.

आणखी एक फरक सहसा कोणी सांगत नाही. हरिश्चंद्राचा रोहिदास पुन्हा जिवंत होतो. ईयोबाला गुरेढोरे दुप्पट मिळतात, नवी दहा मुले होतात. परंतु मेलेली दहा मुले परत येत नाहीत. कवीने, किंवा संपादकाने म्हणा, ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्नही केलेला नाही.

ईयोब यात एकटा नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश याच सुराची आहेत. ७३व्या स्तोत्राचा कवी दुर्जनांची भरभराट पाहून आपले शुद्ध आचरण फुकट गेले की काय, असे विचारतो. ४४व्या स्तोत्रात अख्खे राष्ट्र सांगते की आम्ही करार मोडलेला नाही, मग ही मानहानी का? ८८वे तर अंधारातच संपते.

अशा रचनांना आपण सरसकट ‘विलाप’ म्हणतो. मला तो शब्द तोकडा वाटतो. विलाप ऐकायला कोणी नसले तरी करता येतो. कोकणातल्या देवळात मानकरी किंवा गुरव गावाच्या वतीने देवापुढे उभा राहतो, त्याला नावाने हाक मारतो, अडचण सांगतो, मागणे मागतो आणि जमलेले लोक ‘होय महाराजा’ म्हणतात, ते गाऱ्हाणे. संबोधन, तक्रार, मागणी, नवस : हिब्रू स्तोत्रांचा सांगाडा बहुधा हाच आहे. शिवाय गाऱ्हाणे देवापुढे घालतात तसेच सरकारदरबारीही मांडतात. ईयोबाची कोर्टाची भाषाही त्या शब्दात सामावते.

आणि हे काव्य कोकणाला परकेही नाही. मराठी बोलणारे बेने इस्रायल अलिबागजवळच्या नवगावाशी आपला उगम जोडतात. जेरुसलेमच्या विध्वंसाचा जो उपवास हिब्रू पंचांगात अव महिन्याच्या नवमीला येतो, त्याला त्यांच्यात नाव होते ‘बिरड्याचा सण’. उपवासानंतर वालाचे बिरडे खायचे म्हणून. १८३२ साली जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. मी राहतो त्या शेलारपासून ठाण्याचे १८७९चे सिनेगॉग फार दूर नाही.

मराठीत ईयोबाचा खरा सोयरा शोधायचा तर तो हरिश्चंद्र नव्हे, तुकोबा. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले. गाथेत ते विठ्ठलाशी उघड भांडतात, आणि त्याच गाथेत आपत्तीबद्दल कृतज्ञताही आहे. दोन्ही सूर शेजारी नांदतात, स्तोत्रसंहितेत नांदतात तसेच.

आणि पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत, व्रते व तीर्थयात्रा करत देशभर हिंडले. १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. सारे नियम पाळूनही देव धावून आला नाही, हा अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्याच रमाबाई पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत आणत होत्या. जुलै १८२१ नव्हे, अगदी अलीकडे, जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. ईयोब मराठीत आणायला याहून अधिकारी व्यक्ती मला सुचत नाही.

हा शब्दांचा कीस वाटेल, म्हणून एक सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत पहाटे इमारत कोसळली आणि झोपेतली माणसे गेली. अशा वेळी ‘नशीब’ आणि ‘भोग’ हे शब्द किती सहज येतात! ते अलीफजाचे शब्द आहेत. त्यांच्यात उत्तर द्यायला कोणी बांधील नसतो. गाऱ्हाणे मात्र कोणाला तरी उद्देशूनच असते.

वाचायचे असेल त्यांनी ईयोबाच्या तिसऱ्या अध्यायापासून सुरुवात करावी, गद्य मागाहून वाचावे. आणि ८८वे स्तोत्र रात्री एकट्याने वाचू नये, एवढी सूचना.