पाण्याचा वाटा

भूकंप क्षणात होतो, महापूर एका रात्रीत येतो. अवर्षण मात्र पायरीपायरीने येते. आधी मृगाचा पाऊस हुलकावणी देतो, मग परतीचा पाऊसही फिरकत नाही. पुढे नदीचे डोह आटतात, आडातील पाणी खोल जाते व पोहऱ्याची दोरी वाढवावी लागते, आणि अखेर चैत्राच्या उन्हात टँकरची वाट पाहत गावच्या वेशीवर घागरींची रांग उभी राहते. इतका अवधी देऊन येणारे दुसरे संकट क्वचितच असेल. तरीही पाणी जपून वापरण्याचे नियम बहुधा ही रांग लागल्यावरच निघतात, ही नवलाची गोष्ट होय.

लातूर शहराची कथा याच प्रकारची आहे. या शहराला मांजरा नदीवरील धरणातून पाणी मिळते. २०१४ आणि २०१५ हे दोन्ही पावसाळे मराठवाड्यात कोरडे गेले. धरणाचा तळ उघडा पडला आणि २०१६ चा उन्हाळा भरात येण्यापूर्वीच शहरातील नळ बंद पडले. पाण्यासाठी भांडणे होऊ लागली. तेव्हा मार्च महिन्यात जिल्हा प्रशासनाने पाण्याच्या टाक्यांभोवती व टँकर भरण्याच्या ठिकाणी जमाव करण्यास मनाई केली. दंगलीच्या वेळी वापरावयाचे जे १४४ वे कलम, ते पाण्याच्या टाकीपाशी लावण्याची पाळी आली. पुढे १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन एक आगगाडी लातुरास पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या व प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. एकूण ५ लाख लिटर ऐकावयास पुष्कळ वाटते. परंतु लातूरची वस्ती सुमारे चार लाख. माणशी सव्वा लिटर, म्हणजे तांब्याभर पाणी! काही दिवसांनी ५० वाघिणींची गाडी धावू लागली, तेव्हाही हिशेब माणशी सव्वासहा लिटरांवरच थांबला. आगगाडीने फार मोठे काम केले, यात शंका नाही. पण साडेतीनशे किलोमीटरांवरून पाणी वाहून आणले, तरी ते सर्वांना पुरेल असे वाटून घेण्यावाचून गत्यंतर नसते, हेही त्या गाडीनेच दाखवून दिले.

म्हणून टंचाईच्या काळात निर्बंध हवेत, याबद्दल वाद असू नये. वाद आहे तो निराळाच. निर्बंध कोणावर आणि किती?

पाणीटंचाई आली की शाळाशाळांतून मुलांना सांगण्यात येते : दात घासताना नळ बंद ठेवा, पेल्यात उष्टे पाणी ठेवू नका. उपदेश योग्यच आहे. मात्र ज्या मुलीच्या घरी दिवसाकाठी चार घागरी पाणी येते व त्या चारही घागरी तिलाच डोक्यावर आणाव्या लागतात, तिला हा उपदेश कशाला हवा? पाण्याचे मोल ती उपदेशकापेक्षा अधिक जाणते. दुष्काळी गावातील शाळेचा उन्हाळ्याच्या तोंडचा हजेरीपट चाळून पाहावा. मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा का वाढल्या, हे विहिरीचा काठ पाहिल्यावाचून समजत नाही. मुलाला नळ बंद करावयास सांगणे सोपे असते. ज्याच्या दारी बागेवर रबरी नळीने पाणी उडत आहे, त्याला तेच सांगण्यास अधिक धैर्य लागते.

सर्वांवर सारखीच कपात केली की न्याय झाला, असे पुष्कळांना वाटते. २०२४ साली तलावांतील साठा फार खाली गेल्यामुळे मुंबईत ३० मेपासून ५ टक्के व ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात करण्यात आली. कागदावर हा आकडा सर्वांना सारखा. पण उंच इमारतीला जमिनीखाली टाकी असते, गच्चीवर टाकी असते, पाणी चढविण्यास पंप असतो. तेथे दहावा भाग कमी झालेला जाणवतही नाही. जलवाहिनीच्या अगदी शेवटच्या टोकाशी, टेकडीवर वसलेल्या वस्तीत मात्र दाब कमी झाला की नळाला थेंबही येत नाही. एकाचे दहापैकी नऊ भाग शिल्लक राहतात, तर दुसऱ्याचे काहीच राहत नाही. सारखेपणा आणि न्याय हे सख्खे भाऊ दिसतात खरे. तथापि त्यांची गाठ दरवेळी पडतेच असे नाही.

त्याच २०१६ सालच्या एप्रिलात मुंबई उच्च न्यायालयाने त्या महिन्याच्या ३० तारखेनंतरचे आयपीएलचे क्रिकेटचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. त्या वेळी काहींनी विचारले, मुंबईच्या मैदानावर शिंपडावयाचे पाणी वाचले म्हणून ते लातूरच्या माठात थोडेच पडणार आहे? प्रश्न बिनतोड वाटतो. एका मैदानाचे पाणी दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचत नाही, हे खरेच. परंतु नियम पाळणाऱ्याची नजर नेहमी शेजाऱ्याकडे असते. हिरवळीवर फवारे उडताना दिसत असतील, तर घोटभर पाण्यात भागविणाऱ्याने आपला नियम कोणत्या मनाने पाळावा?

याहून मोठा प्रश्न शेताचा आहे. राज्यातील लागवडीच्या फार थोड्या जमिनीवर ऊस उभा असतो. तो सिंचनाच्या पाण्याचा मात्र फार मोठा हिस्सा पितो. बारा ते अठरा महिने उभे राहणारे हे पीक दुष्काळी मुलखातही लावले जाते, कारण त्याला खात्रीचा भाव व कारखान्याचे गिऱ्हाईक मिळते. ज्वारी-तुरीच्या वाट्याला तशी खात्री येत नाही. म्हणून सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे गैर होईल. पण धरणात पिण्यापुरतेही पाणी उरत नसताना नव्या उसाला पाणी देऊ नये, हा नियम दात घासण्याच्या नियमाआधी लिहावयास हवा.

येथे कोणी म्हणेल, “विहीर माझी, जमीन माझी, मग पाणी माझे नव्हे काय?” जमिनीवर बांध घालता येतो, पण भूगर्भातील पाण्याला बांध नसतो. एका शेतात शेकडो फूट खोल विंधनविहीर घेतली की शेजारची उथळ विहीर आटते. हे ओळखूनच महाराष्ट्रात १९९३ साली कायदा झाला आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास बंदी घालण्यात आली. कायदा चांगला होता. मात्र गावोगाव विंधनयंत्रे रात्री-बेरात्री घरघरत राहिली, आणि कायद्याचे पुस्तक कपाटात राहिले.

ज्यांनी आपण होऊन नियम केले, त्यांची गोष्ट वेगळी आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात, नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची पद्धत सुरू केली. तिचा मुख्य नियम असा, की पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे द्यावयाचा. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके पाणी, आणि तेही ठरीव मर्यादेपर्यंतच. मोठ्या जमीनदाराला जास्त नाही. ज्याच्याकडे जमिनीचा तुकडाही नाही, अशा भूमिहीनालाही पाण्यावर हक्क देण्यात आला. उसासारखी तहानलेली पिके वर्ज्य ठरली. हा नियम कडक होता, तरी लोकांनी तो पाळला. तो पाळण्यात आपला तोटा व दुसऱ्याचा फायदा होतो, असे कोणास वाटण्याजोगे त्यात काही नव्हते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव याच वाटेने गेले. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे ओढे अडविले गेले, डोंगरावर चर खणले गेले. ही कामे इतर गावांनीही केली आहेत. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढे आहे. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहीत असे गावाने ठरविले. दरवर्षी पाऊस मोजावयाचा, माणसे व गुरे यांच्यापुरते पाणी आधी बाजूला काढावयाचे, आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरवावयाचे, अशी तेथील रीत आहे. घरातील आई महिन्याचा किराणा जसा मोजून भरते, तसाच हा हिशेब.

परदेशातही असा प्रसंग आलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन या नगरात सलग तीन वर्षे पाऊस कमी पडला. १ फेब्रुवारी २०१८ पासून तेथे माणशी दिवसाला ५० लिटर ही मर्यादा घालण्यात आली. नळ पूर्ण बंद करावे लागले असते, तर सुमारे २०० ठिकाणी रांगा लावून माणशी २५ लिटर पाणी देण्याची योजना तयार होती. तो दिवस उगवला नाही. नगराने आपला वापर निम्म्याहून खाली आणला आणि जूनमध्ये पाऊसही आला. त्या नगरातील झोपड्यांत राहणारे लोक मात्र सार्वजनिक नळावरून बादलीने पाणी नेत. पन्नास लिटरांची मर्यादा त्यांना कोणी शिकवावयाची नव्हती. ती शिकावी लागली पोहण्याचे तलाव व हिरवळी बाळगणाऱ्यांना. याच काळात ग्राबो परिसरातील फळबागाईतदारांनी आपल्या खाजगी धरणांतून सुमारे १००० कोटी लिटर पाणी नगरासाठी सोडले. त्यांचा हंगाम तोवर बव्हंशी उरकत आला होता, हे सांगितले पाहिजे. पण ते पाणी त्यांनी पुढील हंगामासाठी अडवून ठेवले असते, तर त्यांना कोण हलवू शकले असते?

महाराष्ट्रात पावसाळा संपतो तो आश्विनात. त्याच वेळी धरणांत किती पाणी आहे व विहिरींची पातळी कोठे आहे, हे ठाऊक झालेले असते. पुढचे आठ महिने निभावयाचे आहेत, हेही ठाऊक असते. त्या महिन्यातच ग्रामसभेने व नगरपालिकेने पिण्याचे पाणी राखून ठेवावे, उरलेल्याची वाटणी फळ्यावर लिहून चौकात लावावी, आणि टँकर कोणत्या वस्तीत किती वाजता आला याची नोंदवही कोणालाही पाहू द्यावी. चैत्रात लिहिलेला नियम राबविण्यास पोलीस लागतो. आश्विनात लिहिलेल्या नियमाला खडू पुरतो, आणि तो फळा वाचावयास सातवीतील मुलगीही पुरेशी आहे.