सायकल : विकत घ्यावी की बांधून घ्यावी?

कचेरीत किंवा महाविद्यालयात जाण्यासाठी सायकल घ्यावी असे ठरविणाऱ्या माणसापुढे दोन मार्ग असतात. दुकानात उभी असलेली तयार सायकल विकत घ्यावी, की फ्रेम, चाके, हँडल, ब्रेक असे सुटे भाग जमवून ती बांधून घ्यावी? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु ज्या शिक्षकाच्या, कारकुनाच्या अथवा विद्यार्थ्याच्या मासिक खर्चात पेट्रोल किंवा रिक्षा हे मोठे कलम होऊन बसले आहे, त्याच्या दृष्टीने तो मुळीच क्षुल्लक नाही. चुकीची सायकल घेतली तर ती सहा महिन्यांत जिन्याखाली जाते, आणि तिच्याबरोबर काटकसरीचा निश्चयही तेथेच गंजत पडतो.

सुटे भाग घेऊन बांधलेली सायकल स्वस्त पडते, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. सायकलीचा कारखानदार रिम, टायर, चेन आणि फ्रीव्हील हजारोंच्या संख्येने खरेदी करतो. गिऱ्हाईक ते एकेक घेतो आणि प्रत्येक नगामागे मधल्या व्यापाऱ्याचा नफा भरतो. करातही सवलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तो तयार सायकल आणि सुटे भाग या दोहोंवर सारखाच. शिवाय स्पोक ताणण्याची चावी, चेन तोडण्याचे आणि फ्रीव्हील खोलण्याचे हत्यार ही सामग्री लागते ती वेगळीच. तात्पर्य, सर्व भाग नवे घेऊन सायकल बांधणे हा हौसेचा विषय होऊ शकेल, बचतीचा नव्हे.

तथापि ‘तयार’ आणि ‘बांधलेली’ हा भेद वाटतो तितका स्पष्टही नाही. कारखान्यातून सायकल दुकानात येते ती बहुधा अर्धवट सुटी. तिचे हँडल, पायडल, सीट, ब्रेक बसविणारा आणि चाकाचा आऊट काढणारा कारागीर दुकानातलाच असतो. म्हणजे विकत घेतलेली सायकलसुद्धा कोणीतरी बांधलेलीच असते; प्रश्न एवढाच की ती घाईने बांधली की निगुतीने. तेव्हा ताब्यात घेण्यापूर्वी दोन्ही चाके हवेत फिरवून पाहावीत, हँडल आणि पायडल खुळखुळत नाहीत ना याची खात्री करावी, आणि महिनाभर चालविल्यावर सैल झालेले स्पोक पुन्हा ताणून घ्यावेत. एवढ्या दक्षतेने सायकलीचे आयुष्य कितीतरी वाढते.

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. त्या काळातील काळी, उंच सायकल आजच्या मानाने जड आणि संथ होती. पण तिच्यात एक मोठा गुण होता. २८ इंची चाके, पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक, दांड्यांचे ब्रेक आणि कॉटर पिनने बसविलेले पायडलचे दांडे ही तिची घडण जवळजवळ सर्वत्र सारखी होती. एका कंपनीच्या फ्रेमला दुसरीचे चाक आणि तिसरीचे फ्रीव्हील बिनदिक्कत बसे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराजवळ एक पेटी आणि चार डबे असले की साऱ्या पेठेच्या सायकली चालत. सोनीपत येथे १९५१ साली सुरू झालेल्या अॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. दैवदुर्विलास असा की तोच जागतिक सायकल दिन होता. परंतु कारखाना बंद पडला म्हणून त्या कंपनीच्या जुन्या काळ्या सायकली निकामी झाल्या नाहीत. लुधियानाहून येणारा कोणाचाही सुटा भाग त्यांना चालतो. ही परस्परांना जुळणाऱ्या भागांची संपत्ती कोणा एका कंपनीची नव्हती. ती गिऱ्हाइकाच्या मालकीची होती.

आज तीच संपत्ती हातची जात आहे. फॅशनप्रमाणे नवनवी मॉडेले निघतात आणि त्यांची मापे एकमेकांशी जुळत नाहीत. नुसत्या ‘२८ इंच’ या शब्दाचेच पाहा. जुन्या सायकलीच्या २८ इंची टायरची आतली कड ६३५ मिलिमीटर व्यासाची, तर नव्या हायब्रिड सायकलीवरील २८ इंची टायरची ६२२ मिलिमीटर. नाव एक, पण एकाचे टायर दुसऱ्याच्या रिमवर बसणार नाही. भाग जमवून सायकल बांधू पाहणाऱ्या नवख्याचे पैसे बुडतात ते अशाच ठिकाणी. टायरच्या कडेवर ‘४०-६३५’ असा जो आकडा छापलेला असतो, त्यातील शेवटचे तीन अंक हेच खरे माप, हे त्याने पक्के ध्यानात ठेवावे.

मग बांधून घेणे सर्वथा गैर काय? तसेही नाही. घरात वडिलांची किंवा काकांची जुनी सायकल पडून असेल आणि तिची फ्रेम सरळ असेल, तर नवे टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे रबर आणि छर्रे घालून ती उभी करणे यासारखा किफायतशीर व्यवहार दुसरा नाही. मात्र फ्रेमच्या जोडांना तडा नसावा, पुढचा फोर्क वाकलेला नसावा आणि गंज वरवरचा असावा. जुनी सायकल परक्याकडून घेताना पावती मागावी आणि फ्रेमवरचा नंबर ताडून पाहावा. चोरीचा माल स्वस्तातही महाग पडतो.

चढाच्या रस्त्याची अडचण अनेकजण पुढे करतात आणि त्यासाठी गिअरची, जाड टायरची, पुढे स्प्रिंगचा फोर्क असलेली सायकल घेतात. वस्तुतः स्वस्त सायकलीतील असा फोर्क वजन वाढवितो आणि डांबरी रस्त्यावर पायांचे बळ खातो. मडगार्ड आणि कॅरियर तर पुष्कळदा नसतातच. ते पुढे पदरचे पैसे घालून बसवावे लागतात. रस्ता सतत चढाचा असेल तर गिअर हवेतच. पण चढ बेताचा असेल तर साध्या सायकलीचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २० किंवा २२ दात्यांचे बसवावे. ४४ दात्यांच्या पुढच्या चक्राबरोबर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जात असेल, तर २२ दात्यांवर ती साडेचार मीटर जाते. वेग थोडा घटतो, पण चढ हलका होतो. बांधकाम करावयाचे ते असे, गरजेपुरते.

तेव्हा ‘विकत की बांधून’ यापेक्षा अधिक महत्त्वाची कसोटी निराळी आहे. ही सायकल बिघडली तर घराजवळच्या दुकानात तिचा भाग मिळेल काय? उत्तर होकारार्थी असेल तर तयार साधी सायकल निःशंकपणे घ्यावी. नकारार्थी असेल तर ती कितीही आकर्षक असली आणि कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्यावी. पुणे महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, आणि सायकलमार्गांवर उभी असलेली वाहने पाहिली म्हणजे आराखडा आणि रस्ता यांतील अंतर कळते. ते अंतर एकट्या गिऱ्हाइकाला मिटविता येणार नाही. परंतु कोणती सायकल घ्यावी हे मात्र त्याच्याच हाती आहे. दुरुस्त होणारी सायकल घेणारा माणूस कोपऱ्यावरच्या कारागिराचाही धंदा टिकवितो. आणि तो कारागीर एकदा दुकान बंद करून गेला, की स्वस्त सायकल ही स्वस्त राहत नाही.